पोरगं गेम जिंकतंय आणि रडतंय, काढून घेऊ का?

पत्र:

नमस्कार. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत राहते. एकच मुलगा, नववीला आहे. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, लग्नाआधी ते तालमीत होते, गावोगावच्या मैदानात कुस्त्या केलेल्या आहेत. दिवाळीत मुलाच्या मामानं त्याचा वापरलेला पीएस फोर, टीव्हीवर गेम खेळायचं मशीन, दिला आणि सोबत एक डिस्क, शॅडो ऑफ द कोलोसस नावाची. वाटलं बरं झालं, मोबाईल तरी हातातनं सुटेल. आता क्लासवरनं आला की रोज तेच. मी भाकरी करता करता बघते तर अर्धा अर्धा तास नुसता घोडा पळवतोय, चिटपाखरू नाही, मग कुठनंतरी डोंगराएवढा राक्षस येतो, हा त्याच्या अंगावर चढतो, तलवार खुपसतो, काळं रक्त उडतं, राक्षस पडतो. आणि जिंकला की खुश व्हायचं सोडून गप्प बसतो. परवा रात्री पाचवा मारला, पक्ष्यासारखा होता, आणि बघते तर पोराच्या डोळ्यात पाणी. विचारलं तर म्हणाला, आई तो मला काय करत नव्हता गं, मीच आधी बाण मारला. जेवला पण नाही. मिस्टर म्हणाले, गेममधे मारलं म्हणून रडतंय व्हय, उद्याच विकून टाक ते मशीन. तेव्हापासनं बापलेकात अबोला. मला सांगा, हा गेम वाईट आहे का? मुलाच्या मनावर काय परिणाम तर होत नसेल? आणि मशीन विकू का नको?

एक आई, कोल्हापूर

उत्तर:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. मशीन विकू नका, गेम काढून घेऊ नका, निदान हा गेम पूर्ण होईपर्यंत तरी त्याला हात लावू नका. आणि पोरगं रडलं म्हणून घाबरू नका, त्याला काय झालेलं नाही. ज्यांनी हा गेम बनवला त्यांना जे पोचवायचं होतं ते तुमच्या मुलाला पाचव्यातच पोचलंय, कित्येक मोठी माणसं गेममधले सोळाच्या सोळा राक्षस मारून होतात तरी त्यांच्या ते ध्यानात येत नाही.

आता जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही चुलीपुढनं मान वळवून जेवढं बघताय तेवढ्यावर हा गेम खरंच विचित्र वाटतो, कुणालाही वाटेल.

गेम जपानचा आहे. 2005 साली प्लेस्टेशन 2 वर आला, टीम इको नावाची टीम आणि फुमितो उएदा हा त्यांचा डायरेक्टर. तुमच्या मुलाकडं आहे ती 2018 ची आवृत्ती, ब्लूपॉइंट गेम्स या अमेरिकन कंपनीनं पीएस फोरसाठी सगळी दृश्यं नव्यानं बनवली पण आतला खेळ आणि गोष्ट तीच ठेवली. गोष्ट एवढीशीच आहे. वाँडर नावाचा एक तरुण पोरगा मोनो नावाच्या मुलीचा मृतदेह घोड्यावर घेऊन एका मुलखात येतो, जिथं जायला सगळ्यांना बंदी आहे. त्या मुलीचा बळी दिलेला असतो. तिथं एक भलंमोठं देऊळ, त्यात डोर्मिन नावाची एक शक्ती, ती दिसत नाही, नुसती बोलते, बाईच्या आणि पुरुषाच्या आवाजात एकदमच. ती सांगते की या देवळात सोळा मूर्ती आहेत, प्रत्येक मूर्तीचा एकेक महाकाय जीव या मुलखात फिरतोय, ते सगळे मारलेस तर मुलगी परत मिळेल कदाचित, पण त्याची किंमत लई मोठी असेल. पोरगा म्हणतो चालेल. बास, एवढ्यावर तो निघतो. का मारायचं, त्या जिवांनी कुणाचं काय वाकडं केलंय, हे कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

आता तो अर्धा अर्धा तास नुसता घोडा का पळवतो ते. या मुलखात गाव नाही, दुकान नाही, वाटेत मारायला बारकेसारके शत्रू नाहीत. आहेत ते सोळा जीव आणि त्यांच्यापर्यंत जायची वाट. ती वाट पण आयती मिळत नाही, उन्हात थांबून तलवार वर धरायची, पात्यावरनं उजेडाचे किरण फाकतात, हळूहळू वळत गेलं की बरोबर दिशेला ते सगळे एकवटून एकच रेघ होते, की तिकडं जायचं. सावलीत हे चालत नाही, म्हणून तो मधेच घोडा थांबवून उन्हात येताना दिसत असेल तुम्हाला. दरी आडवी आली की वळसा घालायचा. आणि एकदा भाकरी बाजूला ठेवून कान देऊन ऐका, त्या वेळी म्युझिक जवळपास नसतंच, वारा आणि टापांचा आवाज, बास. तुम्हाला वाटतंय काहीच घडत नाही, पण पोराच्या डोक्यात तिथंच सगळं चाललेलं असतं, की आपण आत्ता कुणालातरी मारून आलो आणि आता दुसऱ्याला मारायला निघालोय. बाकीच्या गेममधे एवढा वेळ देतच नाहीत हो, एक मेला की दुसरा समोर हजर, विचार करायला फुरसत मिळाली तर माणूस खेळायचा थांबेल ना. इथं ती फुरसत मुद्दाम ठेवलीय.

आणि आता तो पाचवा, पक्षी. हा मी खेळलेला आहे आणि तुमच्या पत्राचं सगळं उत्तर मला तिथंच दिसतं म्हणून जरा थांबून सांगतो. एक तळं आहे, धुकं भरलेलं, पाण्यात अर्धं बुडालेलं जुनं दगडी बांधकाम. पोहत पोहत एका चौथऱ्यावर यायचं. समोर लांब उंचावर तो बसलेला असतो. प्रचंड. त्याला कळलेलं असतं तुम्ही आलाय, पण तो उठत नाही, अंगावर येत नाही, हवा तेवढा वेळ उभे राहा. मग पुढं जायला एकच मार्ग उरतो, धनुष्य काढायचं आणि बाण सोडायचा. बाण लागला की तो झेपावतो, पाण्याला घासून सरळ तुमच्याकडं येतो, आणि जवळ आला की उडी मारून पंखावरचे केस धरायचे, उडी चुकली तर पाण्यात आणि परत पहिल्यापासनं. पकड बसली की तो वर वर जातो, तळं खाली एवढंसं होतं, वाँडर एका हातानं लोंबकळतोय, पाय हवेत, आणि तसंच सरकत सरकत दोन्ही पंखांच्या टोकापर्यंत आणि शेपटीपर्यंत जायचं, तिथं एक चमकणारी खूण असते, तिच्यावर तलवार. तो ओरडतो, गिरक्या घेतो, अंगावरनं झटकून टाकायला बघतो. शेवटचा वार झाला की आभाळातनं पाण्यात येऊन पडतो.

इथं दुसऱ्या कुठल्याही गेममधे ढोल वाजले असते. यात काय होतं तर को ओतानी नावाच्या संगीतकाराचं एक अगदी संथ, शोकाचं म्युझिक लागतं, आणि कॅमेरा त्या पडलेल्या देहावरच राहतो, हटत नाही. पॉइंट नाहीत, बक्षीस नाही, शाब्बासकी नाही. मग त्या देहातनं काळे धागे निघतात आणि वाँडरच्या अंगात घुसतात, तो कोसळतो, परत देवळात जागा होतो, एक मूर्ती फुटते, आणि तो पडलेला असताना त्याच्याभोवती काळ्या सावल्या उभ्या असतात, जेवढे मारले तेवढ्या. पुढच्या वेळी पोरगं खेळत असताना वाँडरचं तोंड नीट बघा ताई. सुरवातीला कसा गोरागोमटा, तजेलदार पोरगा असतो, आणि एकेक जीव मारत जातो तसा त्याचा रंग उतरत जातो, केस काळवंडतात. हे हळूहळू होतं म्हणून खेळणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही, पण मनाला कुठंतरी कळत असतं की काहीतरी बिघडत चाललंय.

तर तुमचा मुलगा म्हणाला ना, मीच आधी बाण मारला, हे शंभर टक्के खरं आहे. त्यानंच मारला. गेमनं बटण त्याच्या हातात दिलं आणि दुसरा रस्ता ठेवला नाही. पिक्चर बघताना आपण म्हणू शकतो की हिरोनं केलं, इथं बोट आपलंच असतं. नववीतल्या पोराला हे कुणी न सांगता कळलं आणि त्याचं वाईट पण वाटलं, यात काळजी करण्यासारखं मला तरी काय दिसत नाही, मला तर ते पोरगं लई आवडलं.

2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता आठवतंय का, लोक मोबाईल घेऊन मागं लागले, ते जनावर धावून धावून दमलं आणि शेवटी मेलं. तेव्हा टीव्हीसमोर बसून कित्येक पोरं रडली होती, आणि कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. एवढं मोठं जनावर, कुणाच्या अंगावर मुद्दाम आलेलं नाही, वाट चुकलेलं, आणि माणसांनी त्याचं असं केलं. तुमच्या मुलाच्या पोटात परवा जे तुटलं ते त्याच जातीचं आहे. सुट्टी मिळाली तर एकदा त्याला राधानगरीला दाजीपूरच्या जंगलात घेऊन जा, आपल्या जिल्ह्यातच आहे, गव्यांसाठी 1958 पासून राखलेलं, राज्यातलं पहिलं अभयारण्य. गवा दिसला तर लांबनं बघा, नाही दिसला तरी पोरगं खुश होईल असं मला वाटतं.

गेम वाईट आहे का, मारामारी आहे का, याचं सरळ उत्तर. मारामारी आहे, काळं रक्त आहे, पण माणसं कापत सुटायचं असं काही नाही. अमेरिकेत याला टीनएजर मुलांसाठीचं, म्हणजे 13 वर्षांच्या पुढचं रेटिंग आहे, तुमचा मुलगा त्यात बसतो. आणि आईबापांना ज्या गोष्टींची खरी धास्ती असते त्यातली एकही यात नाही. ऑनलाइन नाही, अनोळखी माणसांशी बोलणं नाही, आत पैसे भरून काय विकत घ्यायची भानगड नाही, रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस जाईल असला गळ नाही. आणि तो संपतो. हे लई महत्त्वाचं आहे. सात-आठ तासांचा खेळ आहे, पहिल्यांदा खेळणाऱ्याला थोडा जास्त लागेल. मोबाईलवरचे गेम कधी संपतच नाहीत, तुमच्या भावानं पोराला त्यातनं काढून याच्यात घातलं हे चांगलंच केलं म्हणायचं.

एक मात्र बघत राहा. एका रात्री जेवला नाही, ठीक आहे. पण गेम बंद असताना पण दिवसचे दिवस उदास राहायला लागला, झोप उडाली, मित्रांत जाईना, शाळेला जायला नको म्हणायला लागला, तर मग तो विषय गेमचा राहिला नाही, तिथं नीट माणसाशी बोलायला हवं. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही, तरी नंबर असू दे जवळ.

आता दाजींचं. ताई, मला या सगळ्या पत्रात पोरापेक्षा दाजींचंच जास्त वाटलं, कारण ज्या माणसाला हा गेम सगळ्यात आधी कळायला हवा तोच तुमच्या घरात त्याच्यावर चिडून बसलाय. हा गेम म्हणजे कुस्ती आहे हो. खरंच सांगतो, तलवारीवर जाऊ नका, तलवार शेवटी येते. आधी खडाखडी, समोरचा जोड एवढा मोठा की सरळ भिडून काय उपयोग नाही, म्हणून लांबनं फिरत त्याचा अंदाज घ्यायचा, पाय कसा टाकतो, कुठं वाकतो, वार करून झाल्यावर किती वेळ मोकळा राहतो. मग पकड. अंगावर जिथं केस आहेत तिथं हात बसतो, दगडी कवच आहे तिथं बसत नाही. आणि मग दम. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक गोल दिसतो, तो म्हणजे वाँडरचा दम, पकडीचं बटण दाबून धरलं की तो आकसत जातो, संपला की हात सुटतो आणि वरनं धाडकन खाली. कोलोसस, म्हणजे तो महाकाय जीव, अंग झाडायला लागला की नुसतं धरून राहायचं, थांबला की पटकन पुढं सरकायचं, सपाट जागा मिळाली की पकड सोडून दम परत भरून घ्यायचा. नवखं पोरगं सगळा वेळ आवळून धरतं आणि वर पोचायच्या आत दमतं. तुमच्या मुलाचं बोट बघा त्या वेळी, बटणावर पांढरं पडलेलं असेल. आता हे कुठं सोडायचं आणि कुठं धरायचं हे सांगायला घरात तालमीत मुरलेला माणूस असताना पोरगं एकटं बसून झगडतंय.

तिसऱ्या कोलोससचं दाजींना मुलाकडनंच ऐकू द्या. त्याच्या हातात देवळाच्या खांबाएवढी तलवार, मनगटावर कवच, चढायला जागा नाही. मग करायचं काय तर एका गोल तबकडीवर जाऊन उभं राहायचं, त्यानं वार केला की बाजूला व्हायचं, त्याच्याच जोरानं त्याचं कवच फुटतं आणि मग त्याच्याच तलवारीवरनं वर चढायचं. समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवायचा, हे दाजींनी लाल मातीत केलेलं असणार, त्यांना एका झटक्यात कळेल.

आणि रडण्याचं पण त्यांनाच कळेल, फक्त त्यांना आठवण करून द्यायला हवी. तगडा जोड असतो, पाऊण तास झुंजवतो, मग एकदाचा चितपट होतो, तेव्हा जिंकणारा काय करतो, हात देऊन त्याला उठवतो, पाठीवर थाप मारतो, गळ्यात पडतो. हरलेल्याचा मान राखल्याशिवाय जिंकणाऱ्याला मैदानातनं बाहेर यावंसं वाटत नाही. तुमच्या पोरानं पाच जोड पाडले आणि एकालाही त्याला हात देऊन उठवता आलं नाही, गेममधे तसं बटणच नाही. म्हणून ते डोळ्यातनं आलं. हे असंच्या असं दाजींना सांगा, किंवा हे पत्र त्यांच्यापुढं ठेवा. मला नाही वाटत की ज्यानं माती अंगाला लावलीय असा माणूस यावर, रडतंय व्हय, म्हणेल.

अबोला तोडायला मोठं काय करू नका, दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालायला जाल तर दोघंही उठून जातील, कोल्हापुरी गडी आहेत. पुढच्या वेळी पोरगं खेळायला बसलं की दाजींना चहा तिथंच द्या, टीव्हीसमोर. म्हणा, वाईच बसा की, बघा तरी ते काय करतंय. बाकी काही बोलायचं नाही. पोरगं पडलं की यांच्या तोंडातनं आपोआप काहीतरी निघेल, अरं सोड की आता, कशाला धरून बसलाईस, असलं काहीतरी. पोरगं चिडेल, परत करेल, आणि यांचं बरोबर ठरेल. तिथनं पुढं तुमचं काम संपलं. फक्त पहिल्याच दिवशी रिमोट यांच्या हातात देऊ नका, पोराला आपला मान वाटू दे थोडा.

वेळेचं सांगतो. एका बैठकीला एक कोलोसस, हा नियम घाला, पोरगं लगेच मान्य करेल कारण गेमची बैठकच तशी आहे, एक मारला की देवळात परत येतो आणि सेव्ह करू का विचारतो. तिथं थांबायला जीव तुटत नाही. मधेच अर्ध्यावर बंद कर म्हणालात तर मात्र भांडण होईल, कारण वर चढत चढत अर्ध्यात सोडलं तर तेवढं सगळं वाया. तेव्हा आठला ताट वाढणार असाल तर साडेसातला सांगा की आता नवीन धरू नकोस. परीक्षेच्या महिन्यात मशीन कपाटात, यात पोरानं पण कुरकुर करायचं कारण नाही, गेम कुठं पळून जात नाही.

आता हे थोडं मुलासाठी आहे, त्याला वाचायला द्या. भावा, पुढचा सहावा दाढीवाला आहे, त्याच्यापुढनं पळत सुट, भिंती ओलांड, आणि शेवटी आडोशाला लप, तो तुला शोधायला खाली वाकतो, बाकी तुला दिसेलच. यूट्यूबवर बघू नकोस, अडकलास तर जरा वेळ फिरत राहा, डोर्मिन स्वतःच काहीतरी खूण सांगतो. घोड्याला सारखं वळवत बसू नकोस, अरुंद वाटेवर ॲग्रो स्वतःहून बरोबर जातो, तू फक्त पळव. सेव्ह करायच्या छोट्या देवळ्यांच्या आसपास पांढऱ्या शेपटीची पाल दिसेल, तिची शेपटी खाल्लीस की तुझा दम वाढतो, झाडावरची फळं खाल्लीस की जीव वाढतो, दाढीवाल्याकडं जायच्या आधी थोडं हे करून घे. आणि परवा जे वाटलं ते वाटू दे, मित्र हसले तरी.

ताई, परत तुमच्यासाठी. शेवट मी इथं सांगत नाही, पोरगं वाचणार आहे. पण दोन जागा ध्यानात ठेवा. तेरावा येईल तेव्हा, वाळवंटात उडणारा, सगळ्यात लांबलचक जीव आहे तो, पोटाखाली हवेच्या तीन पिशव्या, त्यांच्यावर घोड्यावरनं बाण मारून त्याला खाली आणायचं, खाली आला की घोडा शेजारनं पळवत त्याच्या पंखावर उडी मारायची, खेळायला सगळ्यात भारी हाच आहे, आणि हा तुम्हाला अजिबात काय करत नाही, एकदाही वार करत नाही. पक्ष्याच्या वेळी जे झालं ते इथं जास्त होईल. आणि पंधरावा झाला की शेवटच्याकडं जाताना एक प्रसंग आहे, तो खेळत असेल तेव्हा घरात कुणीतरी त्याच्याजवळ असा, त्याला एकट्याला ठेवू नका. शक्यतो शनिवारी-रविवारी खेळू दे तेवढं, म्हणजे दाजी पण असतील. त्या वेळी काय झालं म्हणून लगेच विचारायला जाऊ नका, शेवटची नावं येऊन जाऊ देत, मग विचारा की तुला काय वाटतं, त्यानं बरोबर केलं का वाँडरनं. हा प्रश्न विचारलात की पोरगं तासभर बोलेल बघा, आणि तुमच्याशी बोलेल.

संपल्यावर तो परत पहिल्यापासनं खेळायला मागेल, त्यात अवघड मोड आहे, घड्याळ लावून मारायचा मोड आहे, ते सुट्टीत खेळू दे. पण त्याआधी दुसरी एक डिस्क बघा त्याच्यासाठी, द लास्ट गार्डियन. याच उएदाचा गेम, 2016 मधे पीएस फोरवर आला, जुनी डिस्क स्वस्तात मिळाली तर बघा. त्यात पण एक पोरगा आणि एक प्रचंड जीव आहे, ट्रिको नाव त्याचं, अंगाला पिसं, मांजरासारखं तोंड. पण यात त्याला मारायचं नसतं. जखमी असतो तो, अंगात रुतलेले भाले पोरगा उपटून काढतो, खायला घालतो, आणि मग दोघं मिळून तिथनं बाहेर पडायचा रस्ता शोधतात. कधी कधी ट्रिको सांगितलेलं ऐकत नाही, थांबून राहावं लागतं, घाई करणाऱ्याला वैताग येईल, तुमच्या मुलाला येणार नाही. मामाला सांगा, पुढच्या वाढदिवसाला हीच दे म्हणून.